गळ्यातला नंबर

२०२४ च्या दिवाळीत आमचा गुंड्या हरवला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हरवला आणि भाऊबीजेच्या सकाळी सापडला. शेवट गोड आहे हे आधीच सांगून टाकतो. कारण कुत्र्याची गोष्ट असली की शेवटी काय होणार या धास्तीने मला स्वतःलाच पुढचं नीट वाचवत नाही :)

पण मधल्या त्या छत्तीस-सदतीस तासांनी माझं एक मत पक्कं झालं. हरवलेलं जनावर घरी पोचवायला सगळ्यात भारी तंत्रज्ञान कुठलं असेल, तर ते म्हणजे गळ्यातल्या पट्ट्यावर कोरलेला मोबाईल नंबर. दीडशे-दोनशे रुपयांचा पत्रा. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता हे वाक्य मी, म्हणजे दिवसभर डेटाबेस आणि सर्व्हरमध्ये डोकं घालून बसणारा माणूस लिहितोय, हे जरा विचित्र वाटेल. तेव्हा नीट सांगतो.

तर झालं काय, नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या सगळ्यांची अभ्यंगस्नानं उरकल्यावर गुंड्यालाही शांपू लावून अंघोळ घातली. पट्टा भिजला, म्हणून काढून बाल्कनीत दांडीवर वाळत टाकला. पट्ट्याला टॅग होता, टॅगवर माझा नंबर होता. सगळं कसं अगदी नियमानुसार. फक्त पट्टा दांडीवर आणि कुत्रा घरात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मीपूजन आटोपलं, शेजारच्या काकू फराळाचं ताट द्यायला आल्या, दार उघडलं आणि त्याच सेकंदाला जिन्याखाली कुणीतरी हजाराची माळ लावली. गुंड्या काकूंच्या पायांतून सुटला तो गेलाच. खाली उतरेपर्यंत गेटबाहेर.

पट्टा अजून बाल्कनीत. वाळून दीड दिवस झाला होता. कुणी घालायचा? आईला वाटलं मी घातला, मला वाटलं बायकोने घातला. ऑफिसात आम्ही याला भारदस्त नावं देतो, घरात याला आळस म्हणतात.

गुंड्या गावठी आहे. तपकिरी रंग, मध्यम उंची, शेपूट वळलेली. हे वर्णन फोनवर सांगताना मला कळलं की पुण्यातल्या दर तिसऱ्या कुत्र्याचं वर्णन मी सांगतोय. लॅब्रेडॉर किंवा पग रस्त्यावर एकटा दिसला की लोक थांबतात, कुणाचा असेल म्हणून विचारतात. गावठी कुत्रा पट्ट्याशिवाय दिसला तर तो हरवलेला वाटतच नाही. तो तिथलाच वाटतो. घरचा आणि रस्त्यावरचा यांत डोळ्यांना दिसणारा फरक तेवढाच, तो पट्टा.

पण मी त्या रात्री तसा निवांत होतो, कारण गुंड्याला मायक्रोचिप होती! मीच हौसेने बसवून घेतली होती. गॅजेटची आवड, दुसरं काय. बायकोला म्हटलंसुद्धा, "अगं, त्याला चिप आहे." ती म्हणाली, "मग बघ ना कुठे आहे तो."

आणि इथेच बहुतेकांचा पहिला गैरसमज आहे. चिप सांगत नाही कुत्रा कुठे आहे ते. तिच्यात जीपीएस नाही, बॅटरी नाही, काही नाही. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलीमीटर लांब आणि २ मिलीमीटर जाड काचेची नळी, आत तांब्याची वेटोळी आणि एक इवलंसं सर्किट. सुईने दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. स्कॅनर अगदी जवळ नेला की त्याच्या रेडिओलहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. यासाठीची आयएसओची मानकं, ११७८४ आणि ११७८५, १९९६ ची आहेत. लहरींची वारंवारता १३४.२ किलोहर्ट्झ. नंबर १५ अंकी. पहिले तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे बारा त्या जनावराचे.

बस. चिपमध्ये माझं नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. आहे ती फक्त प्रायमरी की. त्या कीसमोरची ओळ कुठल्यातरी डेटाबेसमध्ये कुणीतरी भरलेली असावी लागते, आणि ती कुठल्या डेटाबेसमध्ये आहे हे स्कॅन करणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

रात्री अकरा वाजता लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवलेला तो १५ अंकी स्टिकर शोधला आणि मग आठवलं. चिप बसवली त्या दिवशी नोंदणीचा एक फॉर्म दिला होता. "ऑनलाइन भरून टाका, पाच मिनिटांचं काम आहे." मी पानही उघडलं होतं. पासवर्ड तयार करायला सांगत होतं, मग ईमेल पडताळा, मग कुत्र्याचा फोटो अपलोड करा. नंतर करू म्हटलं. ते नंतर दोन वर्षांत आलंच नाही. थोडक्यात काय, त्या रात्री कुणी गुंड्याला स्कॅन केलं असतं तरी पंधरा आकडे मिळाले असते आणि त्यांच्या पलीकडे शून्य. आम्हा लोकांच्या भाषेत सांगायचं तर नल पॉइंटर. कुत्र्याच्या खांद्यात.

आणि तसंही स्कॅन करणार कोण? पाडव्याच्या दिवशी मी गावभर फोन केले. निम्मे दवाखाने सुट्टीमुळे बंद. उरलेल्यांपैकी काहींकडे स्कॅनर नव्हता. एका ठिकाणी होता, पण कुत्रा आधी तिथपर्यंत कुणीतरी न्यायला तर हवा!

शेवटी कामाला आली ती जुनीच पद्धत. बहीण भाऊबीजेसाठी आदल्या दिवशीच आली होती. भाच्याने मोबाईलवर पोस्टर बनवलं, कुठलं तरी झेरॉक्सचं दुकान उघडं सापडलं, आणि आम्ही कोथरूडभर फिरून ते चिकटवलं. सोसायटीच्या लिफ्टमध्येही एक लावलं. रविवारी सकाळी दूधवाला लिफ्टमधून वर येताना ते वाचून आला आणि दारातूनच म्हणाला, "साहेब, हे तर वारज्यात टपरीवर बांधलंय की."

वारज्यातली ती चहाची टपरी आमच्या घरापासून साधारण चार किलोमीटरवर. गुंड्या बाकाखाली, गळ्यात सुतळी, समोर पार्ले-जीचा चुरा. मला बघून जे काही केलं त्याने ते वर्णन नको, डोळ्यांत पाणी येतं. टपरीवाल्या मामांना विचारलं, कधीपासून आहे? म्हणाले, "परवा रात्रीपासून. फटाक्यांना भिऊन इथं येऊन दडला. अंगाला शांपूचा वास येत होता, म्हणून म्हटलं घरातलं जनावर आहे, बांधून ठेवू. पण कुणाचं ते कळायचं कसं? गळ्यात कायच नव्हतं. नंबर असता तर त्याच रात्री लावला असता की फोन."

त्याच रात्री! म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहा-साडेदहाला गुंड्या घरी आला असता. मधला तो सगळा वेळ, आईचं न जेवणं, बायकोचं रात्री दोन वाजता कॅनॉलच्या कडेने हाका मारत फिरणं, हे सगळं एका वाक्याच्या अभावाने झालं. आणि ते वाक्य आमच्या बाल्कनीत लटकत होतं.

मामांच्या त्या वाक्याने माझ्या डोक्यात लखलखीत उजेड पडला. आपण सिस्टीम बांधताना पहिला प्रश्न विचारतो, ही वापरणार कोण? हरवलेल्या जनावराच्या बाबतीत याचं उत्तर आहे टपरीवाला, रिक्षावाला, वॉचमन, भाजीवाल्या मावशी, क्लासहून परतणारी शाळकरी पोरं. यांच्याकडे १३४.२ किलोहर्ट्झचा स्कॅनर नाही. मोबाईल मात्र प्रत्येकाकडे आहे आणि दहा आकडे वाचता येतात. मग जे काही करायचं ते या माणसाला नजरेसमोर ठेवून केलेलं हवं.

म्हणजे चिप फालतू आहे का? अजिबात नाही. अमेरिकेतला एक अभ्यास आहे, २००९ साली प्रसिद्ध झालेला. तिथल्या २३ राज्यांतल्या ५३ निवाराकेंद्रांत आलेल्या चिपवाल्या जनावरांची नोंद त्यात ठेवली होती. भटकत आलेल्या कुत्र्यांपैकी एकूण २१.९ टक्के आपल्या मालकाकडे परत गेली, पण चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के. मांजरांत तर फरक डोळे विस्फारणारा, १.८ टक्के विरुद्ध ३८.५ टक्के. (चिप बसवणारे मालक मुळात जास्त काळजी घेणारे आणि जास्त शोधणारे असणार, त्यामुळे सगळं श्रेय चिपला देता येत नाही. पण तरीही.)

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. चिप असूनही मालक सापडला नाही, अशा प्रकरणांत सगळ्यात मोठं कारण काय होतं? फोन नंबर चुकीचा किंवा बंद पडलेला, ३५.४ टक्के. शिवाय काही चिपची नोंदणीच झालेली नव्हती, काहींची भलत्याच कंपनीच्या डेटाबेसमध्ये होती. चिप बंद पडणं हा मोठा प्रश्न नव्हताच. हार्डवेअरने आपलं काम चोख केलं, डेटा शिळा झाला. वीस वर्षं या धंद्यात असलेल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल यात नवीन ते काय!

आणि हे अमेरिकेतलं, जिथे निवाराकेंद्रात आलेलं जनावर स्कॅन करायची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे श्वानपैदास करणाऱ्यांनी कुत्र्यांना मायक्रोचिप बसवावी असा केंद्र सरकारचा २०१७ चा नियम आहे. परदेशी न्यायचं असेल तर बहुतेक देश चिप मागतातच. पण सापडलेल्या कुत्र्याचा नंबर टाकला की मालकाशी गाठ पडेल, अशी साऱ्या देशाला ठाऊक असलेली एकच जागा आपल्याकडे नाही. गंमत म्हणजे गाई-म्हशींसाठी आहे! रस्त्यावर गाय दिसली तर तिच्या कानातला पिवळा बिल्ला बघा. त्यावरचा १२ अंकी नंबर म्हणजे तिचा 'पशु आधार', आणि तो 'भारत पशुधन' या एकाच राष्ट्रीय प्रणालीत जातो. लसीकरण, वेत, उपचार, सगळं तिथे. म्हणजे असं काही बांधता येत नाही असं नाही. आपल्या कुत्र्या-मांजरांसाठी ते कुणी बांधलेलं नाही, एवढंच.

चिप सक्तीची करून मोकळं झालेल्या देशांतही टॅग सुटलेला नाही, हेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्यांना आणि जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची आहे. पण सार्वजनिक जागी कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असलाच पाहिजे, हा १९९२ चा नियम आजही कायम आहे. चिप आली म्हणून कुणी तो काढून टाकला नाही. दोन्हींचं काम वेगळं आहे. टॅग सापडवणाऱ्यासाठी, चिप पट्टा निसटल्यावरची शेवटची आशा म्हणून, आणि उद्या कुणी "हा कुत्रा माझाच" म्हणून भांडायला आला तर पुरावा म्हणून.

आता आपल्या आवडीच्या विषयाकडे. ऑफिसात ही गोष्ट सांगितली की हमखास कुणीतरी विचारतं, "अरे पण एअरटॅग का नाही लावत?" लावा की. पण तो काय करतो हे समजून लावा. त्यालाही स्वतःचं जीपीएस नाही. आसपासून जाणाऱ्या ॲपलच्या उपकरणांना तो ब्लूटूथवरून हाक मारतो आणि ती उपकरणं आपली जागा कळवतात. लक्ष्मी रोडवर झकास चालेल, सिंहगडाच्या पायथ्याच्या एखाद्या शेतात कुत्रा बसून राहिला तर अवघड. शिवाय ॲपलने तो वस्तू शोधण्यासाठी काढलाय, पाळीव प्राण्यांसाठी नाही. खरे जीपीएस ट्रॅकर वेगळे, पण त्यांना सिम लागतं, रिचार्ज लागतो आणि वरचेवर चार्जिंग लागतं. ज्या घरात वाळलेला पट्टा दीड दिवस कुणी घालत नाही, त्या घरात ट्रॅकर कोण चार्ज करणार?

क्यूआर कोडचे टॅगही हल्ली मिळतात. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात असे क्यूआर टॅग बांधले गेले होते. स्कॅन केलं की त्या कुत्र्याचं नाव, लसीकरण, सांभाळणाऱ्याचा फोन वगैरे दिसायचं. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ही कल्पना मला फार आवडली, कारण तिथे एकच मालक नसतो आणि माहिती बदलत राहते. घरच्या कुत्र्यासाठी मात्र क्यूआर टॅगच्या मागच्या बाजूला ठेवा, पुढे आकडेच हवेत. घाबरलेल्या कुत्र्याच्या गळ्याशी कॅमेरा स्थिर धरून बघा एकदा. आणि ज्या वेबसाइटवर तो कोड जातो ती आणखी पाच वर्षांनी असेल का? आपण सगळ्यांनी कितीतरी स्टार्टअप आणि त्यांची डोमेनं गतप्राण होताना पाहिली आहेत. पत्र्यावर कोरलेला नंबर कधीही सर्व्हर डाऊन होत नाही.

टॅगला विरोध करणारे मुद्देही ऐकले आहेत. एक, मांजर पट्टा ठेवत नाही आणि कुठे अडकून गळफास बसेल. यावरही अमेरिकेत प्रयोग झालाय. ५३८ मांजरांना पट्टे घातले, सहा महिन्यांनी त्यातल्या ३९१ मांजरांच्या गळ्यात ते होते. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश. फासाची भीती खरी आहे, म्हणून मांजराला ताण पडल्यावर आपोआप सुटणारा पट्टाच घालायचा. आणि तो सुटून पडेलच कधीतरी, म्हणून मांजराला चिप कुत्र्यापेक्षाही जास्त गरजेची.

दुसरा मुद्दा माझ्या एका सहकारी मुलीचा. एकटी राहते, कुत्र्याच्या गळ्यात स्वतःचा नंबर लटकवून गावभर फिरायला तिला नको वाटतं. अगदी रास्त आहे. तिने वडिलांचा नंबर टाकलाय. जास्तीचं स्वस्त सिम घेता येतं, सोसायटीच्या गेटवरचा नंबर टाकता येतो. कुणीतरी उचलेल असा नंबर हवा, तो तुमचाच हवा असं काही नाही.

हे सगळं मी आत्ता का लिहितोय? कारण पट्टा नसलेल्या कुत्र्यासाठी रस्ता पूर्वीपेक्षा अवघड झालाय. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथेच सोडू नका, असा आदेश दिला. तो बरोबर की चूक हा वाद मोठा आहे आणि त्यावर लोक माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने भांडतायत. मला फक्त एवढंच दिसतं की गुंड्या त्या रात्री टपरीऐवजी एखाद्या बस स्थानकात दडला, तर उचलणाऱ्याला तो 'आमचा गुंड्या' म्हणून दिसणार नाही. तपकिरी, मध्यम, शेपूट वळलेली. झालं.

तेव्हा हे वाचून संपलं की एवढं करा. टॅगवर दोन नंबर कोरून घ्या, एक तुमचा, एक घरच्या दुसऱ्या कुणाचा. कारण तुमचा फोन नेमका त्याच दिवशी सायलेंटवर असतो. नाव नसलं तरी चालेल, नंबर मोठ्या आकड्यांत हवा. अंघोळीसाठी एक जास्तीचा पट्टा ठेवा, टॅगसकट. चिप असेल तर आजच नोंदणी तपासा, नंबर बदलला असेल तर बदला. दर वर्षी रेबीजच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना चिप स्कॅन करून बघायला सांगा, म्हणजे चिप आणि नोंद दोन्हींची तपासणी होईल. आणि डॉक्टरमंडळींना एक विनंती. चिप टोचल्यावर मालकाला फॉर्म देऊन घरी पाठवू नका. तिथेच, टेबलावरच भरून घ्या. माझ्यासारखी माणसं घरी जाऊन भरत नाहीत.

मी सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी नोंदणी केली. पासवर्ड, ईमेल, फोटो, सगळं धरून सात मिनिटं लागली.

आणि हो, टपरीवाल्या मामांना फराळाचा डबा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी गुंड्याचा नवा पट्टा उलटसुलट करून बघितला. खिशातून फोन काढला, टॅगवरचा नंबर दाबला. माझ्या खिशात रिंग वाजली. "लागतोय," म्हणाले, आणि चहा ओतायला लागले.